डब्यातली हवा

या, बसा. दार नुसतं लोटा, कडी नको. मी उठले नाही म्हणून राग मानू नका. उजव्या पायाचं जरा निराळंच आहे, ते ओघात येईलच. कॉफीचं भांडं चुलीवर आहे, पेले त्या फळीवर. हातानं घ्या, परकेपणा नको. आणि खिडकी असू दे तशीच किलकिली. धुकं आत येतं, गारठा होतो, सगळं खरं. पण ती बंद केली की मला पलीकडचं ऐकू येत नाही.

सकाळी पावाच्या गाडीपाशी तुम्ही मला विचारलंत, शेजारच्या अंगणातून दिवसभर हा कसला आवाज येतो म्हणून. गावात कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल. झाहारी ट्रकच्या ब्रेकची हवा काढतोय. खोटं नाही ते. फक्त हिवाळ्याच्या तोंडाला त्यानं सुरुवात केली आणि आता झाडांना पालवी फुटायला आली.

मला गाव चोंबडी म्हणतं. म्हणू दे. नवरा गेला, लेक इटलीत कुणाच्या तरी म्हातारीची उस्तवार करते, मग मी शेजाऱ्यांकडे डोकवायचं नाही तर काय भिंतींशी बोलायचं? त्या घरात काय शिजतंय ते मला इथं बसून वासावरून कळायचं. दोघं भाऊ राहायचे, झाहारी थोरला, स्तामेन धाकटा. घर बापाचं. रालित्सा ही स्तामेनची बायको. नदीपलीकडची पोर, माहेरी कुणी उरलेलं नाही. स्तामेन ट्रक चालवायचा, बटाटे खाली शहरात न्यायचा, येताना काय मिळेल ते आणायचा. हसरा पोरगा. माझ्या फाटकापाशी हॉर्न वाजवून विचारायचा, "झ्लाता मावशी, गावात नवीन काय?" ट्रकचं आजारपण मात्र झाहारी बघायचा. त्याच्या हाताला गुण होता.

हे हवा काढणं सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दोघा भावांनी ब्रेकच्या नव्या नळ्या घातल्या आणि स्तामेन बटाटे भरून निघाला. त्याच दिवशी वर्षातला पहिला बर्फ पडला. पाणचक्कीच्या वळणावर ट्रक दगडी कठडा फोडून ओढ्यात गेला. वर काढणारे म्हणाले, पेडल पार जमिनीला टेकलेलं होतं, आणि त्याचा पाय अजून त्याच्यावर होता. सोडवावा लागला.

झाहारी थडग्याशी इतका रडला की पाद्रीबाबांनी प्रार्थना थांबवून त्याला पाणी पाजलं. त्याच्याकडे बघून मीही रडले, उगाच का खोटं सांगू.

पुढे त्यानं तो ट्रक अंगणात ओढून आणला. भावाची आठवण, म्हणाला, दुरुस्त करणार. आणि सहा महिन्यांचा कागद फाटकावर लागला त्याच आठवड्यात त्यानं रालित्साला सांगितलं की घर माझं आहे, राहायचं तर माझी बायको म्हणून राहा, नाहीतर वाट मोकळी आहे. तुम्ही शहरातले, तुम्ही पाहिले असतील की नाही कोण जाणे. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद फाटकाला चिकटवतात, चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षानं नवा. उन्हापावसानं फिकट होतात, पण फाडत कुणी नाही. झाहारीनं तो फाडला. म्हणे नवऱ्यामुलाच्या दारात मढ्याचा फोटो बरा दिसत नाही.

ही झाली आधीची हकीगत. आता तो शनिवार.

हिवाळ्याआधी आमचा मेलेल्यांचा शनिवार येतो. त्या दिवशी गहू उकडायचा, वर साखर आणि अक्रोड घालायचे, थडग्यावर जायचं, शेजारीपाजारी वाटी द्यायची. काम करायचं नसतं, खिळासुद्धा ठोकायचा नसतो. मी स्मशानातून आले, गव्हाची वाटी फडक्यात बांधली आणि कुंपणाच्या त्या फटीतून पलीकडे गेले. दुपारच होती, पण आजच्यासारखं धुकं. अंगणात शिरले तर ट्रकची मागची बाजू जॅकवर चढवलेली, पुढच्या चाकांना ओंडके लावलेले, आणि केबिनच्या उघड्या दारापाशी रालित्सा उभी. खाली मान.

"चढ," झाहारी म्हणत होता.

"आज नको. आज तरी नको."

"का? सीट चावते?"

"त्याच्या जागेवर मी बसणार नाही."

"त्याच्या घरात राहतेस, त्याच्या ताटात जेवतेस. मग सीटनंच तुझं काय घोडं मारलं?"

मी म्हटलं, "झाहारी, अरे मेलेल्यांचा शनिवार आहे."

"मग मावशी, सोमवारी आम्ही तुमच्या पाठुंगळी बसून शहरात जाऊ का? नोंदणीची वेळ घेतलीय."

"बसनं जाऊ," रालित्सा हळूच म्हणाली.

"बसनं? कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसून लग्नाला? याच ट्रकनं जायचं. गावाला दिसू दे, ट्रक चालतो, मी चालवतो, आणि तू शेजारी बसतेस." मग तिची हनुवटी दोन बोटांत धरून वर केली. "पाणचक्कीच्या वळणावर थांबू जरा. तुला बघायचं असेल तर."

ती रडली नाही. वाटी घ्यायला माझ्याजवळ आली आणि ओठ न हलवता म्हणाली, "मावशी, मला त्या ट्रकमधून खाली जायचं नाही. काहीही करा."

तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेलं हे पहिलंच. पण मी काय करणार होते? एवढंच सुचलं की पोरीला जायलाच लागणार असेल तर निदान ब्रेक नीट झाले आहेत हे आपण डोळ्यांनी पाहावं. म्हटलं, "हो बाजूला. मी बसते. माझ्या नवऱ्याला, गान्चोला, जन्मभर हेच करून दिलंय."

हे काम दोन माणसांचं, बघा. एक वर, एक खाली. खालचा चाकामागच्या छोट्या तोटीला, निपलला, नळी लावतो, नळीचं दुसरं टोक तेलाच्या बरणीत. तो ओरडतो "दाब", वरचा पेडल दाबतो. "धर" म्हटलं की दाबून धरायचं आणि "धरलं" असं सांगायचं. मग खालचा निपल सैल करतो, जुनं तेल आणि हवेचे बुडबुडे बरणीत येतात, पेडल पायाखाली खचत जातं. निपल बंद करून तो "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. चुकून उचललात तर हवा उलटी आत जाते, सगळं पहिल्यापासून. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. सगळा कारभार आवाजावर.

मी चढून बसले. सीट ओली होती, धुक्यानं असेल. झाहारी पाठीवर सरपटत मागच्या उजव्या चाकाखाली गेला.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

"सोड."

पहिलं चाक सरळ पार पडलं. माझं तोंड कुठलं गप्प बसतंय, मी वरूनच विचारलं, "झाहारी, इंजिनापाशी नळ्या जोडलेला हा डबा कसला रे? गान्चोच्या ट्रकला नव्हता."

"एबीएसचा. चाक घसरायला लागलं की तो आपोआप ब्रेक धरतो, सोडतो, धरतो, सोडतो."

"मग त्या डब्यातली हवा कशी काढतात?"

खाली पाना दगडावर पडला. मग म्हणाला, "त्यात हवा नसते, मावशी. तुम्ही दाबायचं बघा."

चाक संपल्यावर तो बाहेर आला आणि पायरीवरची राकियाची, आमच्या फळांच्या दारूची, बाटली तोंडाला लावली. मला राहवेना. आज पहिला घोट जमिनीवर ओतायचा असतो, गेलेल्याचं नाव घेऊन. इथं ओतलेलं तिथं त्याच्या पुढ्यात येतं. म्हटलं, "अरे, भावाला थेंबभर तरी."

तो हसला. बाटली बाजूला ठेवली, जुन्या काळ्या तेलाची बरणी उचलली आणि केबिनच्या पायरीशी, माझ्या पायाखालीच, ओतली.

"घे, स्तामेन. तुझ्या पुढ्यात येवो. तुझंच आहे."

रालित्सानं तोंडावर हात घेतला. मी म्हटलं, "नाव घेऊन ओतलंस तू. आजच्या दिवशी... नाव घेऊन..."

"मग तो पिईल. तेवढंच वंगण." आणि बरणी घेऊन डाव्या चाकाखाली गेला.

अंगण एकदम गप्प झालं. कोंबड्या लवकर खुराड्यात शिरल्या होत्या. केबिनमध्ये वास यायला लागला, तापलेल्या ब्रेकचा, तो गोडसर जळका वास. आणि ट्रक तर वर्षभर जागचा हलला नव्हता...

"दाब."

मी पाय टेकवला. काळोखात आपण पायरी आहे समजून पाय टाकतो आणि पायरी नसते, तसं झालं. पेडल माझ्याआधी खाली गेलं होतं. माझा पाय नुसता त्याच्यावर टेकला होता.

"धर."

मी तोंड उघडलं. माझं तोंड उघडंच राहिलं, आणि माझ्या शेजारून, अगदी खांद्यापाशी, कुणीतरी म्हणालं, "धरलंय, दादा."

तो आवाज मी ओळखते. माझ्या फाटकाशी रोज नवीन काय विचारणारा.

"मावशी, नकला नकोत," झाहारी खालून म्हणाला. पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

मी हळूच पाय काढून घेतला. दोन्ही पाय सीटवर, पोटाशी. पेडलवर कुणीच नव्हतं, आणि पेडल खाली होतं. जमिनीला टेकलेलं. त्याच्या रबरावर माझ्या डोळ्यांदेखत ओल उमटत होती... टाचेच्या आकाराची.

"हवा संपत नाहीये," झाहारी म्हणाला. "मावशी, पाय हलवू नका. बुडबुडे... येतात आणि परत आत जातात. येतात... आत जातात. हे काय आहे?"

मी सांगते तुम्हाला काय होतं ते. झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसलात ना, की जसं ऐकू येतं, तसं ते बरणीतून ऐकू येत होतं.

मग शेजारचा आवाज पुन्हा बोलला. रागानं नाही. निघायच्या आधी माणूस सहज विचारतो, तसं.

"दादा, डब्यातली हवा काढलीस ना?"

झाहारी सरपटत बाहेर यायला लागला असावा, कारण दगडांवर बूट घासल्याचा आवाज आला. त्याच क्षणी जॅक कुरकुरला आणि ट्रक थोडासा बसला. धाडकन नाही. म्हातारं माणूस खुर्चीत बसतं तसा, सावकाश. झाहारीचा 'हं' असा एक आवाज आला, आणि मग काहीच नाही. मी दारातून वाकून पाहिलं. लोखंडी आडवा दांडा त्याच्या छातीवर टेकला होता. चिरडला नव्हता, नुसता टेकला होता. त्याला श्वास घेता येत नव्हता. चेहरा जांभळा व्हायला लागला. तेवढ्यात माझ्या बाजूला पेडल वर आलं, दांडा केसभर उचलला, आणि झाहारीनं घशातून आवाज काढत श्वास ओढला. पेडल खाली गेलं. त्याचा श्वास थांबला.

"काढलीस ना, दादा?"

मी रालित्साला ओरडून म्हटलं, जॅक उचल, मी माणसं आणते. ती घराच्या पायरीवरून उतरून आली, हातात माझीच गव्हाची वाटी. जॅककडे तिनं बघितलंसुद्धा नाही. चाकापाशी उकिडवी बसली.

"थांबा मावशी," ती म्हणाली. "त्यानं विचारलंय. आधी उत्तर येऊ दे."

पेडल वर आलं.

"नाही," झाहारी म्हणाला. "नाही काढली..."

खाली. वर.

"शहरातल्या मिस्त्रीनं फोनवर सांगितलं होतं. कॉम्प्युटर लावून डबा फिरवायचा, मग परत हवा काढायची. नाहीतर पेडल लागतं दगडासारखं... सपाटीवर काही कळत नाही... पण चाक घसरलं की डबा उघडतो आणि आतली हवा..."

खाली. ती वाट बघत राहिली, त्याचे डोळे पांढरे होईपर्यंत. वर.

"आणि त्यानं तुला विचारलं तेव्हा तू काय म्हणालास?" रालित्सानं विचारलं. अगदी मऊ आवाजात, तापकरी पोराला विचारावं तशी.

"म्हटलं काढली. म्हटलं, दगडासारखं आहे, जा."

"बर्फ पडणार हे ठाऊक होतं?"

खाली. बराच वेळ खाली. मग वर.

"रेडिओवर... सांगितलं होतं."

तिनं वाटीतून चमचाभर गहू घेतला, खाल्ला, वाटी त्याच्या डोक्याशी जमिनीवर ठेवली. मग उठून केबिनपाशी आली. "मावशी, उतरा." मी उतरले, उतरले कसली, पडलेच. ज्या सीटवर तिला बसवत नव्हतं तिथं ती स्कर्ट सावरून बसली, पाय पेडलवर ठेवला आणि कुणाला तरी जागा दिल्यासारखी जराशी सरकली.

"उघड, झाहारी."

"रालित्सा... जॅक..."

"आधी हवा काढू. सोमवारी जायचंय ना आपल्याला?"

मी पळाले. वरच्या आळीतला अस्पारूह आणि त्याचा मेहुणा पत्ते खेळत होते, त्यांना ओढत आणलं. आम्ही आलो तेव्हा जॅक पुरता वर होता आणि झाहारी केबिनच्या पायरीवर बसून कॉफी पीत होता. रालित्सानं आम्हालाही विचारलं, साखर किती.

"मावशी, यंदा गव्हात वाइन जरा जास्त झाली का?" अस्पारूह म्हणाला. मेहुणा हसला. झाहारीही हसला, त्यांना सोडायला म्हणून फाटकाकडे निघाला. त्याच्या सदऱ्यावर छातीवरून आडवा काळा पट्टा होता, मी बोट दाखवलं, तर म्हणाला ऑइल लागलंय. फाटकापर्यंत पोचेतो त्याचा आवाज बसला. ओठ निळे झाले. त्यांच्याकडे पाठ न करता, मागे मागे पावलं टाकत तो ट्रकपाशी गेला, हात मागे नेऊन चाचपडत लोखंड धरलं, आणि मग त्याला श्वास आला. केबिनमध्ये कुणी नव्हतं. पण पेडल करकरलं ते मी ऐकलं.

सोमवारी कुणी शहरात गेलं नाही. झाहारी ट्रकखाली होता. मंगळवारीही. डॉक्टर येऊन गेला, छातीला नळी लावून म्हणाला, फुप्फुसं बैलाची आहेत, सिगारेट कमी करा. चार पावलं ट्रकपासून लांब गेला की जीव घुसमटतो, आणि ट्रकखालीसुद्धा, त्या शनिवारच्या अगदी उलट, वरून कुणी दाबलं तरच श्वास मिळतो, हे डॉक्टरला सांगणार कोण? पाद्रीबाबा म्हणाले, भावाच्या दुःखानं वेडावलाय बिचारा. गावानं मान डोलावली. अजूनही लोक मला सांगतात, भाऊ असावा तर असा.

रालित्सा मात्र उजळली. गालांवर रंग आला. दुपारी भांडी आवरून ती केबिनमध्ये जाऊन बसायची, विणकाम घेऊन. मी कुंपणाशी ऐकायची. "दाब." "दाबलं." "धर." "धरलं." मध्येच अंग आखडून झाहारी काकुळतीला यायचा, "सोड ना." ती टाके मोजत बसायची. मग म्हणायची, "तू सांगशील तेव्हाच सोडायचं असतं ना रे? पण हवा कुठं संपलीय?"

नाताळाच्या आधी मी कांदापात घातलेली थरांची पोळी, बनित्सा, भाजली आणि तिला द्यायला गेले. अंगणात शिरतानाच ऐकलं. "धर." आणि केबिनमधून, "धरलंय, दादा." मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले. रालित्सा चुलीपाशी उभी, कोपरापर्यंत पीठ.

"अगं, तू इथं?" मी म्हटलं. "मग तिथं..."

"मी दुपारचीच बसते, मावशी. बाकीचा वेळ तो असतो."

ती गव्हाच्या पिठाची खळ शिजवत होती. स्तामेनचा वर्षाचा कागद छापून आला होता, तो लावायला. माझ्यादेखत लावला, तळव्यानं सारखा केला, फोटोवरून अंगठा फिरवला. मग त्याच्या शेजारी, तेवढ्याच मापाची, अजून एकदा खळ फासली. त्यावर काहीच लावलं नाही.

"हे कुणासाठी?"

"असू दे. सुकत नाही ती."

खरंच सुकली नाही. जाताना बघा तुम्ही. पाणी भांड्यात गोठायचं तेव्हाही ती ओलीच होती.

फाटकाशी उभं राहून तिनं माझे हात हातात घेतले. "मावशी, मी सोमवारच्या बसनं खाली जाऊन येते. कागदपत्रांचं काम आहे. माझ्या दुपारा तेवढ्या बघाल? केबिनमध्ये नका बसू, थंडी असते. तुमच्या स्वयंपाकघरातून ऐकू येतं. पाय ठेवायचा फक्त. दाबायचं काम तो करतो."

मला वाटलं पोरीचं डोकं फिरलंय, कुणाचं नाही फिरणार. हो म्हटलं. 'हो' म्हणायला काय लागतं?

सोमवारी ती बसनं गेली. खिडकीतून हात हलवला, अगदी लहान मुलीसारखा. त्या ट्रकमधून तिला जावं लागलं नाही, याचं मला आजही समाधान आहे. परत ती आली नाही.

त्या दुपारी मी इथंच, याच खुर्चीवर, घेवडा निवडत होते. पलीकडे "दाब" झालं. माझा उजवा पाय आपोआप जमिनीच्या फळीवर टेकला. सवयच ती, गान्चोच्या वेळची. "धर." माझ्या तोंडून निघून गेलं, "धरलं."

मग मला माझंच हसू आलं. म्हटलं, काय ही म्हातारी, आणि उठायला गेले. टाच जरा उचलली मात्र, कुंपणापलीकडे घरघर सुरू झाली. बुडणाऱ्या माणसानं करावी तशी. मी पाय टेकवला, थांबली. पुन्हा उचलून पाहिला. पुन्हा घरघर. तो खुनी आहे, ठाऊक आहे मला. पण कान देऊन ऐकलंत तर तुम्हीही पाय टेकवाल. आणि तेव्हा झाहारीच्या नव्हे, दुसऱ्या आवाजानं, अगदी खिडकीशी येऊन म्हटलं,

"सोडू नका, मावशी. गावात नवीन काय?"

तेव्हापासून मी सांगते त्याला. सगळं सांगते. कोण कुणाकडे गेलं, कुणाचं काय शिजलं. तुम्ही राहायला आलात तेही सांगितलं. आधी नुसत्या दुपारा होत्या, आता संध्याकाळही असते. टेबलाखाली वाकून बघा, टाचेखाली फळी कशी खोलगट झालीय. करकरते ती, ऐकलंत? मी नाही दाबत.

कॉफी आवडली ना? मग असं करा, जरा खुर्ची जवळ ओढा. अशी. मला एकदा खालच्या शहरात जाऊन यायला हवं, लेकीचं पार्सल पडलंय, सोमवारची बस आहे. तोवर बघा जमतं का. बूट काढायची गरज नाही. इथं, माझ्या पायाशेजारी टेकवा. हां.

घाबरू नका, सोपं आहे. फक्त मी सांगेपर्यंत उचलू नका.